मुले भुताच्या गोष्टी वाचतात, काय करावे?

गेल्या वर्षी पोळा दोन दिवसांवर आला असताना एक जोडपे आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. पावसाळ्याचे दिवस, तापाच्या पेशंटची रांग बाहेर ओट्यापर्यंत गेलेली. मुलीला ताप नव्हता, खोकला नव्हता. ती खाली मान घालून बसली होती आणि बोलत होती फक्त आई.

"डॉक्टरसाहेब, पोरीले बाहेरचं झालं. राती तिच्या उरावर कोनी तरी बसते. डोये उघडे रायतात, पन बोलता येत नाही, हात हालवता येत नाही. परवा पहाटे मी सोता पायलं. हाक मारली तशी दचकून उठली अन् रडाले लागली."

वडील एका पतसंस्थेत नोकरीला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, हे सगळं त्या पुस्तकांमुळं. दिवसरात्र भुताखेताच्या गोष्टी वाचते. तुम्ही तिला चांगलं खडसावून सांगा की हे वाचन बंद. बाकी आम्ही अमावास्येला एका बाबाकडं न्यायचं ठरवलंच आहे. पैसे पण देऊन ठेवले."

अमावास्या म्हणजे पोळ्याचीच. माझ्या हाती दोन दिवस होते.

मुलीला आपण श्रुती म्हणू, हे तिचे खरे नाव नाही. मी आईवडिलांना बाहेर बसवले, सिस्टरला आत थांबवले आणि नेहमीचे प्रश्न विचारले. झटके येतात का? झोपेत जीभ चावली जाते का, कपडे ओले होतात का? दिवसा बसल्या बसल्या एकदम झोप लागते का, हसताना गुडघ्यातून बळ जाते का? शाळेत, शिकवणीला, घरी कोणी त्रास देते का? कशातच रस वाटत नाही, जीव नकोसा वाटतो, असे होते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला अनेक डॉक्टर कचरतात. विचारल्याने मुलांच्या डोक्यात विचार शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे त्याला सुटका वाटते. श्रुतीची सगळ्यांना "नाही" अशी स्वच्छ उत्तरे होती.

मग मी विचारले, "बेटा, दिवस कसा जातो ते सांग." साडेपाचला उठणे. सहाला पहिली शिकवणी. अकरा ते पाच शाळा. सहा ते आठ दुसरी शिकवणी. जेवण, मग अकरापर्यंत अभ्यास. "आणि अकरानंतर?" ती पहिल्यांदा थोडी हसली. अकरानंतर पांघरुणात मोबाईल, आणि त्यावर भयकथा. एकेक भाग नेमका अशा जागी संपतो की पुढचा उघडल्याशिवाय राहवत नाही. दीड वाजतो. म्हणजे झोप चार तासांची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. आपल्या आज्या ते सांगत आल्याच होत्या.

जाताना ती म्हणाली, "सर, भूत नसतं हे मला माहीत आहे. गोष्ट ती गोष्ट. पण आई, बाबा, आजी सगळे इतके घाबरले की आता मलाच भीती वाटायला लागली."

वाचकहो, हे वाक्य मी त्या रात्री घरी गेल्यावरही विसरू शकलो नाही. आपण म्हणतो की पुस्तकांनी मुलीच्या डोक्यात भूत घातले. इथे मुलीला पुस्तकातले भूत खोटे आहे हे पक्के ठाऊक होते. अमावास्या धरून बसले होते ते घरातले मोठे.

आता उरावर बसणाऱ्या प्रकाराबद्दल. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. झोपेत आपण साधारण दर दीड तासाने स्वप्नांच्या टप्प्यात शिरतो. या टप्प्यात डोळ्यांचे आणि श्वासपटलाचे स्नायू सोडले तर बाकीचे शरीर मेंदू स्वतःच ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच खाटेवरून उठून पळाला असता. कधी कधी मन जागे होते, पण शरीराचा हा कुलूपबंदपणा काही क्षण तसाच राहतो. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोट हलत नाही. स्वप्नाचा उरलेला तुकडा खोलीत मिसळतो आणि कोणी तरी उभे आहे, छातीवर बसले आहे असे वाटते. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत सगळे पूर्ववत होते. शरीराला इजा कसलीच होत नाही.

हा अनुभव वर्धा जिल्ह्यापुरता नाही. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे जणू लोखंडाने जखडून टाकणे. इंग्रजीतल्या नाइटमेअर या शब्दातील 'मेअर' म्हणजे घोडी नव्हे, तर झोपलेल्याच्या छातीवर बसणारे एक पिशाच्च. २०११ साली पस्तीस अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की सर्वसाधारण माणसांपैकी शंभरात सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, आणि विद्यार्थ्यांमध्ये शंभरात अठ्ठावीस जणांना. विद्यार्थ्यांमध्ये एवढा जास्त का, याचे उत्तर श्रुतीच्या वेळापत्रकात आहे. अपुरी झोप, झोपण्याच्या अनियमित वेळा, मनावरचा ताण आणि उताणे झोपणे, ही त्याची नेहमीची कारणे.

श्रुतीचे हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, तेही आईला माहीत नव्हते. आपल्या विदर्भात मुलीचे रक्त कमी आढळले की सिकलसेलची तपासणी करूनच घ्यावी. तिची केली, ती ठीक निघाली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

खरे अवघड काम वडिलांना पटवण्याचे होते. मी त्यांना झोपेचे सगळे समजावले. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "ते बरोबर आहे साहेब, पण एकदा बाबाला दाखवायला काय हरकत आहे?" मी विचारले, तो बाबा काय करतो? ते चाचरले. मग कळले की मिरचीची धुरी देतो. तेव्हा मात्र मी आवाज चढवला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही एम.बी.बी.एस. डॉक्टरच होते आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला. कायदा असो नसो, साडेनऊ हिमोग्लोबिनच्या, चार तास झोपणाऱ्या मुलीला मिरचीच्या धुरात कोंडायचे? आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "नाही नेत साहेब." वडील काही बोलले नाहीत. पण नेले नाही.

"मग पुस्तकं बंद करा असं तरी सांगा," हा त्यांचा आग्रह मात्र कायम राहिला. त्याला मी नकार दिला. का, ते जरा सविस्तर सांगावेसे वाटते, कारण हाच प्रश्न मला वर्षाकाठी पाच-दहा पालक विचारतात.

मी नववीत होतो तेव्हा, १९८४ साली, हिंगणघाटला चार आणे रोजाने पुस्तके देणारे एक दुकान होते. तिथून मी नारायण धारपांची 'समर्थ' मालिकेतली एक कादंबरी आणली. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी ती गणिताच्या पुस्तकात लपवलेली पकडली आणि एक शब्द न बोलता चुलीत घातली. पुस्तकाची भरपाई आईने डब्यातल्या पैशांतून गुपचूप केली. माझे वाचन त्याने थांबले नाही, फक्त घरातून गोठ्यात गेले. पुढची चार वर्षे मी धारप, बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर हे सगळे कडब्यावर बसून वाचले. मग नागपूरच्या मेडिकलला गेलो. तिथे शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी आमच्यातले तिघे चक्कर येऊन पडले. मी पडलो नाही. याचे श्रेय धारपांना द्यावे असा माझा आग्रह नाही.

मराठी घरात भुताच्या गोष्टी मोबाईलबरोबर आल्या असे ज्यांना वाटते त्यांनी आपले बालपण आठवावे. वेताळपंचविशीत राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालतो आणि ती गोष्ट आपण मांडीवर बसून ऐकली. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, रानातला चकवा, यांच्या गोष्टी जेवणानंतर अंगणात रंगत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड वाचत एक पिढीच्या पिढी साक्षर झाली. रत्नाकर मतकरी यांचे नाव घेतले की मोठ्यांना अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा आठवतात, पण याच लेखकाने लहान मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिले. त्यातली चिंची चेटकीण रंगमंचावर आली की पाच वर्षांची मुले किंचाळतात आणि पुन्हा तिलाच पाहायला मागतात. धारपांची एक गोष्ट १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका कुमारवयीन मुलाला त्याच्या मित्राने सांगितली. तो मुलगा म्हणजे राही अनिल बर्वे. त्या गोष्टीतूनच पुढे २०१८ साली 'तुंबाड' हा चित्रपट उभा राहिला. नागझिरा काही फार लांब नाही, आपल्या शेजारचेच.

बारा ते सोळा या वयात मुलांना भीतीची गोडी का लागते? जत्रेतल्या आकाशपाळण्यात आपण पैसे देऊन का बसतो, तेच उत्तर. छाती धडधडते, हाताला घाम येतो, ॲड्रेनॅलिन वाढते आणि तरी मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक असते की आपण सुरक्षित आहोत, पुस्तक मिटले की संपले. आयुष्यात पुढे येणाऱ्या खऱ्या भीतीला तोंड देण्याची ही एक प्रकारची तालीमच म्हणा.

माझ्याच व्यवसायातल्या एका माणसाची हकीकत इथे सांगितली पाहिजे. फ्रेड्रिक वर्थम हे न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ. १९५४ साली त्यांनी पुस्तक लिहून असे मांडले की भयकथा आणि गुन्हेगारीची चित्रपुस्तके वाचून मुले बिघडतात. पालकांमध्ये खळबळ उडाली. प्रकाशकांनी घाबरून स्वतःच नियमावली केली, ज्यात पिशाच्चांना बंदी आली, इतकेच काय, मुखपृष्ठावर हॉरर हा शब्द छापायलाही. पुढे वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाली आणि कॅरल टिली या प्राध्यापिकेने २०१२ साली दाखवून दिले की त्यांनी मुलांच्या नोंदींमध्ये फेरफार केले होते, काही मुलांची घरची परिस्थिती गाळून टाकली होती, दोन मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते.

वर्थम दुष्ट नव्हते. हार्लेमच्या गरीब वस्तीत त्यांनी मुलांसाठी मोठे काम केले. पण दवाखान्यात बसणाऱ्याला सगळी आजारीच मुले दिसतात. त्यातली बरीच चित्रपुस्तके वाचत होती, कारण त्या काळी सगळीच मुले ती वाचत होती. मीही दवाखान्यातच बसतो, म्हणून ही चूक माझ्याकडूनही होऊ शकते याचे भान ठेवतो. आणि एकदा ती झालीही.

२०१० साली माझी मुलगी नववीत होती. तिच्या हाती स्टेफनी मेयर यांचे 'ट्वायलाइट' हे इंग्रजी पुस्तक दिसले. रक्त पिणारा नायक आणि त्याच्या प्रेमात पडलेली शाळकरी मुलगी, एवढे मागच्या पानावर वाचले आणि पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावले. वडिलांनी जाळले होते, मी फक्त कुलूप लावले, म्हणजे मी सुधारलेला बाप असे मनाशी म्हणालोही असेन. मुलगी काही बोलली नाही. त्यानंतर काय वाचते, काय पाहते, हे तिने मला सांगणे मात्र बंद केले. जेवताना पूर्वी सगळे सांगायची. आता "काही नाही" एवढेच.

कोरोनाच्या टाळेबंदीत कपाट आवरताना ते पुस्तक सापडले आणि मी वाचून काढले. त्यातल्या रक्तपिपासू मंडळींत आक्षेप घेण्यासारखे मला फारसे काही आढळले नाही. एक गोष्ट मात्र खटकली. नायक रात्री नायिकेच्या नकळत तिच्या खोलीत शिरतो आणि तिला झोपलेली पाहत बसतो, आणि हे प्रेम म्हणून सांगितले आहे. माझ्याकडे अशा मुली येतात ज्यांच्या मागे मुलगा शाळेपासून घरापर्यंत सायकल घेऊन लागतो आणि ज्यांना मैत्रिणी सांगतात की बघ, किती प्रेम आहे. यावर मुलीशी बोलायची संधी मी दहा वर्षांपूर्वी कपाटात बंद केली होती. पुण्याला फोन लावून मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, ते मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. पण तुम्ही विचारलं कुठे?"

तेव्हा पालकांनी काय पाहावे, यावर माझे मत असे की भूत आहे की नाही याकडे दुर्लक्ष करावे. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना खरे-खोटे नीट वेगळे करता येत नाही, त्यांना मोठ्यांच्या भयकथा देऊ नयेत, मोबाईलवरचे तसले चित्रपट तर नाहीच. मूल मोठे असले तरी ते उदास राहते, एकटे राहते, स्वतःला इजा करते असे दिसले तर त्याच्या हाती काय आहे याकडे लक्ष हवे. आत्महत्या हे सगळ्यांना धडा शिकवण्याचे साधन म्हणून रंगवणाऱ्या गोष्टी अशा मुलांसाठी घातक ठरू शकतात. जे अॅशर यांच्या 'थर्टीन रीझन्स व्हाय' या २००७ च्या कादंबरीवरून २०१७ साली मालिका आली तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी याच कारणाने काळजी व्यक्त केली होती. अशा मुलासाठी पुस्तक हिसकावून भागत नाही, त्याला डॉक्टरकडे न्यावे. सेवाग्राम आणि सावंगी दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. सरकारचा टेली मानस हा १४४१६ क्रमांकही विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. माझ्याकडे एक मुलगा येतो. तो सहावीत असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. कापूस, कर्ज, बाकी सगळे तुम्हाला माहीत आहे. आता तो नववीत आहे आणि खून-दरोड्याच्या रहस्यकथांचा फडशा पाडतो. काकाने तक्रार केली, "ह्याच्या घरात एवढं झालं, अन् हा मुडद्याच्या गोष्टी वाचते." मी मुलाला विचारले, काय आवडते रे यात? तो म्हणाला, "सर, यात शेवटी कोनं केलं ते समजते." मी काकांना सांगितले, वाचू द्या. यापेक्षा जास्त मला काही बोलता आले नाही.

श्रुतीकडे परत येतो. ठरले ते असे. मोबाईल दहा वाजता स्वयंपाकघरात, आईबाबांचाही. सकाळची शिकवणी बंद. यावर वडिलांशी माझे भुतापेक्षा जास्त भांडण झाले, कारण मुलीला नीटची तयारी आतापासून करायची होती. मी म्हटले, मी डॉक्टर झालो तो रोज आठ तास झोपून, आणि तरी तुम्ही माझ्याकडेच आलात. वाचायचे असेल तर छापील पुस्तक, संध्याकाळी, साडेदहाला दिवा बंद. कुशीवर झोपायचे. पुन्हा तसे झाले तर झगडायचे नाही, फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा आणि मनात म्हणायचे की हे मिनिटात जाणार आहे. आजीने अंगारा लावायचा हट्ट धरला, त्याला मी विरोध केला नाही. अंगाऱ्याने हिमोग्लोबिन कमी होत नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत दोनदा तसे झाले, दुसऱ्यांदा तिने कोणाला उठवलेही नाही. दसऱ्यानंतर एकदाही नाही. हिमोग्लोबिन दिवाळीपर्यंत अकराच्या वर गेले. वडील एकदा एकटेच येऊन विचारून गेले की बाबाला दिलेले अकराशे रुपये परत मागता येतील का. मी म्हटले, मागून पाहा. मिळाले नाहीत.

मागच्या महिन्यात ती गोळ्यांची चिठ्ठी न्यायला आली तेव्हा माझ्या टेबलावर धारपांचे एक जुने पुस्तक पडले होते. "सर, हे वाचून झालं का तुमचं?" असे विचारून घेऊन गेली. अजून परत आणलेले नाही. परवा तिची आई भेटली, ती सांगत होती की दुपारी पोट्टी शाळेत गेली की आजी चष्मा लावून तेच वाचत बसते.